परागकणांचं मॉडेल, जून ते ऑक्टोबर: झूमध्ये टाकलं एकदाचं

तर मंडळी, टाकलं एकदाचं! काल रात्री साडेअकराला माझं परागकणांचं मॉडेल (मायक्रोस्कोपच्या फोटोतले कण वेगळे करायला शिकवलेला प्रोग्राम) बायोइमेज मॉडेल झूवर चढलं, आपोआप होणाऱ्या चाचण्या पार झाल्या आणि आता ते माणसाच्या तपासणीच्या रांगेत आहे. जूनमध्ये सुरू केलं तेव्हा वाटलं होतं ट्रेनिंग हेच मुख्य काम, ते झालं की फाईल उचलायची आणि ठेवून द्यायची. ट्रेनिंगला दोन आठवडे लागले, आणि ते मॉडेल दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर माझ्याकडे चालतं तसंच चालावं यासाठी साडेतीन महिने, म्हणून ही नोंद जास्त करून त्या साडेतीन महिन्यांची आहे.

नवीन आलेल्यांसाठी: झू म्हणजे मायक्रोस्कोपच्या फोटोंवर काम करणाऱ्या, आधीच शिकवलेल्या डीप लर्निंग मॉडेल्सचा सगळ्यांसाठी खुला साठा. युरोपातल्या लॅब्सनी मिळून उभा केला, २०२२ पासून युरोपियन युनियनच्या पैशातून चाललेल्या एआयफॉरलाईफ प्रकल्पाचा त्याला आधार मिळाला. मॉडेल्ससोबत डेटासेट, नोटबुक असंही तिथे ठेवता येतं. तिथलं मॉडेल इलास्टिक (ilastik) आणि फिजी (Fiji) या फोटो-विश्लेषणाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वापरता येतं, इलास्टिकमध्ये थेट उघडून आणि फिजीमध्ये डीपइमेजजे प्लगइनमधून, म्हणजे ज्याला कोडिंगची एक ओळ येत नाही त्यालाही वापरता येतं, आणि मला नेमकं हेच आवडलं. प्रत्येक मॉडेलला एक विशेषण आणि एक प्राणी असं टोपणनाव मिळतं. मी पहिल्यांदा वापरलं ते अफेबल-शार्क, पेशींची केंद्रकं वेगळी करणारं.

सुरुवात गाजर गवतापासून झाली. आमच्या साताऱ्याच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात ते कमरेएवढं वाढतं आणि घरात दोघांना शिंका सुरू होतात. १९५० च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं हे तण आज देशभर आहे आणि त्याचे परागकण ॲलर्जीसाठी बदनाम आहेत, तर मी चिकट स्लाईड गच्चीत ठेवून रोज किती कण पडतात ते मोजायला लागले. हाताने. एका स्लाईडला तास-दीड तास, मान अवघडते, आणि संध्याकाळी मोजलेला आकडा सकाळी परत मोजला की वेगळा येतो. तेव्हा ठरवलं की मोजायचं काम मशीनला शिकवायचं. (कासला जाऊन फुलं का नाही आणली असं एकाने विचारलं होतं. कासच्या पठारावरचं एक फूलही तोडायचं नाही, स्लाईडसाठी तर नाहीच. रस्त्याकडेला गाजर गवत, एकदांडी, मका एवढं सगळं आहे की आयुष्य पुरणार नाही.)

जून

पहिल्यांदा शार्कलाच माझे फोटो दिले. तो काळ्या पार्श्वभूमीवर चकाकणाऱ्या केंद्रकांवर शिकलेला आणि माझे फोटो साध्या उजेडातले, उजळ पार्श्वभूमीवर गडद कण, त्यामुळे त्याने पार्श्वभूमीलाच वस्तू धरलं. फोटोचे रंग उलटे केले तर बऱ्यापैकी जमलं, एकटे गोल कण सापडले, पण तीन-चार कण चिकटले की एकच ढेकूळ. तरी शार्ककडून एक गोष्ट घेतली. तो दोन चित्रं देतो, एक आतला भाग आणि एक कडा, आणि कडा वजा केली की चिकटलेले सुटे होतात, मग वॉटरशेड (चिकटलेल्या वस्तूंच्या मधे सीमा आखणारी पद्धत) लावायचं. मीही तीच पद्धत धरली. पाया यू-नेट या न्यूरल नेटवर्कच्या रचनेचाच, फ्रायबुर्गच्या लोकांनी २०१५ मध्ये काढलेला, अजूनही कमी फोटोंत इतकं चांगलं शिकणारं दुसरं मला सापडलेलं नाही.

स्लाईड बेसिक फुक्सिन घातलेल्या ग्लिसरीन जेलीच्या. फुक्सिन कणाच्या बाह्यकवचाला गुलाबी करतं आणि हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून रंगीत फोटोतला फक्त हिरवा चॅनल घेतला की कण एकदम उठून दिसतो, लाल चॅनलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. ही गोष्ट मला तीन आठवडे उशिरा कळली. आधी तिन्ही चॅनल देत होते आणि फोटो वाचणारी एक लायब्ररी निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने वाचते तर दुसरी लाल-हिरवा-निळा, त्यात माझा सगळा गोंधळ झाला होता. एकच चॅनल घेतल्यावर तो प्रश्नच मिटला.

आणि मोजमाप. फोन मायक्रोस्कोपला लावून काढलेल्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन हे माहीत नसेल तर मॉडेल दुसऱ्याच्या कामाचं नाही. स्टेज मायक्रोमीटर घेतला, १ मिलिमीटरचे १०० भाग, प्रत्येक १० मायक्रॉनचा. त्याचा फोटो काढून पिक्सेल मोजले आणि मग सगळे फोटो लहान करून ०.३२ मायक्रॉनला एक पिक्सेल अशा मापावर आणले. फोनचा झूम चुकून जरी हलला तरी हे परत करायला लागतं, म्हणून आता प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक फोटो मायक्रोमीटरचा.

जुलै

पूर्ण महिना लेबलिंग, म्हणजे मॉडेलला शिकवण्यासाठी फोटोतले कण हाताने आखून देणं. धाकटी जाऊ शाळेत जीवशास्त्र शिकवते, ती रविवारी यायची आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून कणांच्या कडा काढत बसायचो. पहिल्याच रविवारी मतभेद. ती म्हणाली, ताई, हा पिचकलेला कण वांझ आहे, हा नको धरायला. मी म्हटलं हवेत तर तोही पडतोच ना, शिंका त्यानेही येतील. मग काट्यांवरून. गाजर गवत आणि एकदांडी दोन्हींच्या कणांना बारीक काटे असतात, तर कड काट्यांच्या टोकावरून काढायची की अंगावरून? टोकावरून काढली तर कण मोठा मोजला जातो. शेवटी ठरलं असं की पिचकलेले धरायचे, फुटलेले नाहीत, आणि कड काट्यांच्या बुडाशी. हे सगळं एका वहीत लिहून काढलं आणि ते बरं झालं, कारण नंतर डॉक्युमेंटेशन लिहिताना ती वही जशीच्या तशी उतरवली. एकेका फोटोवर दोघींनी स्वतंत्र कडा काढून जुळवून पाहिल्या तेव्हा कळलं की माणसामाणसांतही फरक पडतोच, मग मशीनकडून त्याहून जास्त अपेक्षा कशी ठेवायची.

जास्वंद सोडून दिली. तिचा कण शंभर मायक्रॉनहून मोठा, गाजर गवताचा पंधरा-वीस मायक्रॉनचा. एकाच मापावर एक जण पन्नास पिक्सेलचा आणि दुसरा तीनशेच्या वर, आणि माझ्या यू-नेटचा एका वेळी बघण्याचा आवाका तेवढा नाही, त्यामुळे जास्वंदीच्या कणाच्या मधोमध भोक पडायचं. दोन दिवस झगडून शेवटी लिहून टाकलं की हे मॉडेल ४० मायक्रॉनपेक्षा लहान कणांसाठी आहे, त्यामुळे मकाही बाहेर. वाईट वाटलं, पण जे जमत नाही ते स्पष्ट लिहिणं वापरणाऱ्यासाठी जास्त मोलाचं आहे.

ऑगस्ट

ट्रेनिंग गूगलच्या कोलॅबवर, तिथे ऑनलाईन फुकट मिळणाऱ्या जीपीयूवर (असं गणित वेगाने करणारी चिप). मॉडेलचं उत्तर आमच्या लेबलांशी किती जुळतं त्याचा आकडा (१ म्हणजे पूर्ण जुळलं) छान आला आणि मी खूश. मग एका रात्री लक्षात आलं की मी मोठ्या फोटोंचे तुकडे करून, ते तुकडे पत्त्यांसारखे पिसून ट्रेनिंग आणि तपासणीत वाटले होते, म्हणजे एकाच स्लाईडचे शेजारी-शेजारी तुकडे दोन्हीकडे! तीच जेली, तोच रंगाचा गडदपणा, तोच धुळीचा कण. मॉडेलने पेपर आधीच पाहिला होता. स्लाईडप्रमाणे परत वाटणी केली, तीन स्लाईड पूर्ण बाजूला काढल्या ज्या ट्रेनिंगने कधीच पाहिल्या नाहीत, आणि आकडा ०.९१ वरून ०.७८ वर आला. त्या रात्री झोप लागली नाही. पण खरा आकडा ०.७८ आहे आणि तोच अपलोडमध्ये लिहिलाय. तुम्ही कुणी हे करत असाल तर वाटणी स्लाईडनेच करा, शक्य असेल तर दिवसानेही, कारण एका दिवशी रंगवलेल्या स्लाईड एकमेकींच्या बहिणी असतात.

सप्टेंबर

आता खरं काम. झूला मॉडेलसोबत एक यामल (YAML) फाईल लागते, म्हणजे ठरलेल्या साच्यातली माहितीची साधी मजकूर फाईल, त्यात सगळं लिहायचं: कुणी बनवलं, लायसन्स काय, आत काय जातं, बाहेर काय येतं, कुठला अक्ष कशाचा, आधी फोटोवर काय संस्कार करायचे. सोबत एक नमुना इनपुट आणि त्याचं अपेक्षित आउटपुट. चाचणी सरळ आहे, ते इनपुट मॉडेलला दिलं की आउटपुट जुळायला हवं. ही कल्पना मला फार आवडली, कारण हे पाककृतीसोबत घासभर तयार पदार्थही पाठवण्यासारखं आहे, पलीकडच्याने करून पाहिलं की चव जुळली का ते त्यालाच कळतं.

माझं जुळलं नाही. चार दिवस! वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) तेच, इनपुट तेच, आउटपुट थोडं थोडं वेगळं. कारण सापडलं तेव्हा हात कपाळावर गेला: टॉर्चस्क्रिप्टमध्ये (मॉडेल दुसरीकडे चालवता यावं म्हणून साठवायचं एक स्वरूप) एक्सपोर्ट करताना मॉडेल इव्हॅल मोडमध्ये, म्हणजे शिकण्याऐवजी फक्त वापरायच्या अवस्थेत, टाकायला विसरले होते. ट्रेनिंग मोडमध्ये बॅच नॉर्मलायझेशनचा थर (मॉडेलच्या आतले आकडे एका मापात आणणारा) साठवलेली सरासरी न वापरता समोर आलेल्या फोटोचीच सरासरी काढतो, त्यामुळे प्रत्येक फोटोला वेगळं वागतो. एक ओळ, चार दिवस. चाचणी नसती तर हे मॉडेल असंच गेलं असतं आणि कुणीतरी दूरवर बसून आपलंच काहीतरी चुकतंय असं समजलं असतं.

दुसरी गोष्ट फोटोच्या नॉर्मलायझेशनची, म्हणजे सगळ्या फोटोंचा उजेड एका मापावर आणण्याची. फोटोतले सगळ्यात गडद १ टक्का आणि सगळ्यात उजळ ०.२ टक्के सोडून मधलं शून्य ते एकवर ताणायचं, ही पद्धत यामलमध्ये लिहिता येते. पण मी ट्रेनिंगमध्ये हे प्रत्येक तुकड्यावर वेगळं करत होते आणि फाईलमध्ये लिहिलेलं चालतं पूर्ण फोटोवर. तुकड्यावर केलं की ज्या तुकड्यात एकही कण नाही तिथे धूळच ताणून गडद होते. म्हणजे मी शिकवलं एक आणि लिहिलं दुसरं. पूर्ण फोटोवर नॉर्मलाईज करून परत ट्रेन केलं, आणि गंमत म्हणजे रिकाम्या जागी दिसणारे भुताटकीचे कणही त्याने कमी झाले.

मग किरकोळ. माझं यू-नेट चार वेळा फोटो अर्धा करतं म्हणून लांबी-रुंदी १६ च्या पटीत लागते, ते लिहिलं, कमीत कमी ६४ आणि मग १६ ची पायरी. तुकड्यांच्या कडेला अंदाज खराब येतो म्हणून किती कड कापून टाकायची तेही लिहायला जागा आहे. प्रत्येक फाईलचा हॅश (मजकुरावरून निघणारा ठशासारखा कोड) असतो, मी डॉक्युमेंटेशनमध्ये एक स्वल्पविराम बदलला आणि हॅश जुळेना, तेव्हा आधी सगळं पक्कं करा आणि पॅकेज शेवटी बांधा. मुखचित्र ५०० केबीच्या आत, दोनास एक किंवा चौकोनी. वॉटरशेड मात्र यामलमध्ये बसत नाही, ते मॉडेलच्या बाहेरचं काम, त्यामुळे फिजीमध्ये मॉर्फोलिबजे हे प्लगइन वापरून कसं करायचं ते पायरीपायरीने लिहिलं आणि छोटा मॅक्रो (त्या पायऱ्या आपोआप करणारी फाईल) सोबत जोडला.

डॉक्युमेंटेशनमध्ये व्हॅलिडेशन नावाचा भाग लिहावा लागतो, म्हणजे न पाहिलेल्या फोटोंवर हे मॉडेल वापरणाऱ्याने स्वतः कसं तपासावं. मी आधी तिथे माझे आकडे टाकले होते. मग परत वाचलं तेव्हा उमगलं की तिथे माझी फुशारकी नकोय, वापरणाऱ्याला हत्यार हवंय. आता तिथे असं आहे: तुमच्या दहा फोटोंत हाताने मोजा, मॉडेलने मोजा, चिकटलेल्या कणांचे फोटो मुद्दाम घ्या. मराठीत एक पानही जोडलंय, इंग्रजीच्या खाली. जाऊबाईंच्या नववीच्या मुलांनी ते वाचून फिजीत मॉडेल चालवून दाखवलं, तीन ठिकाणी अडले, ती तीन वाक्यं बदलली.

ऑक्टोबर

फोटो आणि लेबलं झेनोडो या संशोधनाच्या डेटाच्या खुल्या साठ्यात ठेवली, तिथे डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि ते सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा चालवते, म्हणजे माझा लॅपटॉप गेला तरी फोटो राहतील. लायसन्स सीसी-बाय ४.०, म्हणजे आमचं नाव देऊन कुणीही वापरावं. लेखक म्हणून दोघींची नावं. जाऊबाई नको नको म्हणत होती, पण अर्ध्या कडा तिने काढल्यात, नाव असायलाच हवं.

काल चढवल्यावर तासाभरात तपासणाऱ्यांचा पहिला प्रश्न आला: वाटणी स्लाईडने केली की तुकड्याने, ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा. ऑगस्टमधली ती रात्र आठवली. आज सकाळी चहाच्या आधी तो परिच्छेद लिहून पाठवला.

आता एक विनंती. हे सगळे फोटो एकाच मायक्रोस्कोपचे आणि एकाच फोनचे आहेत, दुसरीकडे मॉडेल किती टिकतं ते मला बघायचंय. तुमच्याकडे १० एक्स ऑब्जेक्टिव्हने काढलेले, फुक्सिनने रंगवलेले एकदांडी किंवा गाजर गवताचे फोटो असतील तर हवेत, सोबत मायक्रोमीटरचा एक फोटो, फोनने आपोआप केलेलं शार्पनिंग बंद, आणि सीसी-बायला तुमची हरकत नाही एवढं लिहून. पाच फोटोही चालतील. आमच्या मागच्या प्लॉटवर अजून फुलं आहेत, दिवाळीपर्यंत कुणीतरी येऊन ते तण काढेल, तोवर मीही आणखी दोन-चार स्लाईड करून ठेवते.