तुम्ही विचारलंत म्हणून: सुचत नाही तेव्हा काय करता?

कार्यक्रम संपला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला पहाट, कॉफी, खिडकीबाहेरचा पाऊस असलं काहीतरी ऐकायचं असतं. माझं उत्तर साधं आहे: मी कुणाशी तरी बोलते.

दिवाळी अंकांसाठी जूनमध्ये विचारणा होते, मजकूर ऑगस्टात द्यायचा असतो. जुलैत माझ्या घरचे माळे लख्ख होतात. याला आळस म्हणू नका. आळशी माणूस माळ्यावर चढत नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक हल्ली म्हणतात की चालढकल म्हणजे नकोशा भावनेपासून तेवढ्यापुरती सुटका. मला हे पटतं, कारण वेळापत्रकं मी भरपूर केली आणि तीही लेख टाळण्यासाठीच.

दस्तयेवस्कीचं उदाहरण मला फार आवडतं. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत कादंबरी दिली नाही, तर त्याचं लेखन नऊ वर्षं फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी तिची एक ओळ तयार नव्हती. मित्रांच्या सल्ल्यानं त्यानं अ‍ॅना स्नित्किना ही विशीची लघुलेखिका बोलावली. तो सांगायचा, ती टिपून घ्यायची आणि घरी जाऊन स्वच्छ प्रत करून आणायची. २६ दिवसांत ‘जुगारी’ पूर्ण झाली. (पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं, पण ते माझ्या सल्ल्यात येत नाही.) मुदतीचा धाक तर आधीपासून होताच. नवं काय आलं, तर समोर बसून ऐकणारं माणूस.

आपले व्यासही सांगतच होते. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची. मधूनच एखादा कूट श्लोक टाकायचा आणि तो उलगडेपर्यंत पुढचं जुळवायचं. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीनं ही कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली, पण लिहिणाऱ्यांनी ती सोडू नये.

मी बहिणीला फोन लावते. “अगं, ऐक ना” म्हटलं की पहिलं जे तोंडातून येतं, तीच बहुधा लेखाची सुरुवात असते. आधी योजलेली भारदस्त सुरुवात गळून जाते. फोन ठेवला की लगेच मोबाइलवर बोलून टाइप करते. जोडाक्षरांचा चुराडा होतो, विरामचिन्हं नसतात, पण कागद कोरा राहत नाही. कवितेला मात्र हा उपाय चालत नाही, निदान मला तरी.

कधी कधी बहीण मध्येच विचारते, “बरं, भाजी काय केलीस?” मग समजायचं की अडचण लिहिण्याची नाही, सांगण्यासारखं काही जमलेलंच नाही. अशा वेळी आणखी वाचते, संबंधित माणसांना भेटते. तरीही नाही जमलं, तर संपादकांना जुलैतच नकार कळवते. ऑगस्टअखेर कळवला तर त्या पानांसाठी दुसरा लेख मिळवताना त्यांची दमछाक होते.