बाहेरून तीच वॅगन

बोनेट बंद असताना गाडीकडे पाहिलंत तर काहीच वेगळं दिसणार नाही. सगळी धडपड त्यासाठीच होती, म्हणून हे आधी सांगते. १९८६ची व्होल्वो २४० वॅगन, फिका पिवळट रंग, १४ इंची लोखंडी चाकं, त्यांवर मूळची व्हील कव्हरं, मागे सायलेन्सरचा एकच बारीक पाइप. आत शेवरले सिल्व्हराडो ट्रकमधून काढलेलं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन आहे, त्याचं नाव एलएम७. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर ताडपत्री अंथरून मी आणि माझ्या सासऱ्यांनी ते चौदा महिन्यांत बसवलं.

अशा गाडीला स्लीपर म्हणतात. दिसायला साधी, पण पोटात भलतंच काही. इंजिन बदलणारे खूप जण आहेत आणि बहुतेकांना ते दाखवायचं असतं. मला ते लपवायचं होतं. एकदा हे ठरलं की पुढचा प्रत्येक निर्णय अवघड होतो. बोनेटला भोक पाडून चालत नाही, पुढची बाजू वजनाने खाली बसून चालत नाही, डॅशबोर्डवर नवीन मीटर लावून चालत नाही.

बाबा, म्हणजे सासरे, आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. त्यांना गाड्यांचं वेड नाही, मापांचं आहे. मी पहिल्यांदा हा बेत सांगितला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, पण जुनं इंजिन बंद पडलंय का?" पडलं नव्हतं. २.३ लिटरचं चार सिलिंडरचं बी२३०एफ, ११४ हॉर्सपॉवर, दमलेलं पण चालू. ते आम्ही नीट पुसून, तोंडं बंद करून अशाच गाडीच्या दुसऱ्या मालकाला दिलं. फेकून दिलं असतं तर बाबा या कामात आले नसते.

एलएम७ का, असं खूप जण विचारतात. ५३२८ सीसी, माझ्या सालच्या इंजिनाला कारखान्याचे २८५ हॉर्सपॉवर आणि साधारण ४४० न्यूटन-मीटर टॉर्क. पण खरं कारण आकार आहे. याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) मधोमध बसतो आणि पुशरॉड नावाच्या सळ्यांनी व्हॉल्व्ह उघडतो, त्यामुळे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे भाग, लहान आणि अरुंद राहतात. प्रत्येक हेडवर दोन-दोन कॅम असलेलं याच्याहून लहान सीसीचं व्ही-८ सुद्धा रुंदीला याच्यापेक्षा मोठं निघतं. गाडीकडूनही मदत आहे. २४० मागच्या चाकांवर चालते, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, आणि याच बॉडीच्या २६०मध्ये कंपनी व्ही-६ बसवत होती, त्यामुळे बोनेटखाली रुंदीची जागा आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, म्हणजे याच कुळातल्या, स्पोर्ट्स गाड्यांमधल्या ॲल्युमिनियमच्या एलएस१ इंजिनापेक्षा सुमारे ४० किलो जड. ते मी स्वीकारलं आणि पुढच्या स्प्रिंग त्याच उंचीच्या पण कडक घेतल्या.

इंजिन एकटं कधीच घेऊ नका. गिअरबॉक्स, पूर्ण वायरिंग, कॉम्प्युटर, सेन्सर, जमलं तर प्लगांना लागलेल्या क्लिपासुद्धा, सगळं एकाच गाडीतून घ्या. माझ्याकडे ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक इंजिनाला जोडलेलाच आला आणि त्याने कितीतरी महिने वाचले. दुसरं म्हणजे इंजिन नंबर बदलण्याचे नोंदणीचे नियम, धुराची तपासणी आणि विमा, हे पाना हातात घेण्याआधी विचारून ठेवा. मी आधी विचारलं होतं, म्हणून शेवटी तपासणीला शांतपणे जाता आलं.

आता उंची. ट्रकच्या इंजिनावरचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा पोचवणारा भाग, उंच असतो, कारण ट्रकच्या बोनेटखाली जागाच जागा. इंजिन पहिल्यांदा क्रेनने आत सोडलं तेव्हा मुलीच्या खेळण्यातल्या मातीचे लिंबाएवढे पाच गोळे करून मॅनिफोल्डवर ठेवले आणि बोनेट हळूच खाली आणलं. लॉक लागलंच नाही. उघडून पाहिलं तर पुढचे दोन गोळे कागदासारखे चपटे झाले होते आणि त्यांवर बोनेटच्या आतल्या पट्टीचा ठसा उमटला होता. बाबांनी मागच्या गोळ्यांची जाडी व्हर्निअरने मोजून वहीत लिहिली. शेवरलेच्याच कॅमेरो या स्पोर्ट्स गाडीच्या एलएस१चा मॅनिफोल्ड बराच बुटका असतो आणि याच हेडवर बसतो. तो आणला, तशीच माती ठेवली, आणि सगळ्यात चपटा गोळा ११ मिलिमीटरचा निघाला. इंजिन जोर लावताना रबरावर थोडं कलतं, त्याला तेवढी जागा पुरते.

तीच गोष्ट खाली. ट्रकचं ऑइल चेंबर खोल असतं आणि २४०च्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या बीमवर, टेकतं, म्हणून चेंबरही कॅमेरोचं घेतलं. चेंबर बदललं की आतला ऑइल ओढणारा पाइप आणि क्रँकखालचा पत्राही त्याच्याच जोडीचा लागतो. याकडे पुन्हा येते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

इंजिन ज्यांवर बसतं त्या फाउंडेशनच्या पट्ट्या आधी पुठ्ठ्याच्या कापल्या. मला तिथूनच थेट लोखंडावर जायची घाई होती. बाबांनी पुठ्ठे चार वेळा बदलायला लावले. स्टीअरिंगचा दांडा डाव्या बाजूने खाली जातो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डही तिथेच येतो. दोघांत एक बोट तरी सुटायला हवं, नाहीतर उष्णतेने दांड्याचा जोड वाळून जातो. बाबा पुठ्ठा धरून म्हणाले, "आत्ता दोन मिलिमीटर सोडलेस, तर पुढे दोन महिने शोधत बसशील." मग ६ मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते टाके) मारले, इंजिन उतरवलं, काढलं, एक टॅक तोडला, पुन्हा मारला. पूर्ण वेल्डिंग तिसऱ्या फेरीला. ड्राइव्हवेला किंचित उतार आहे, म्हणून क्रेनच्या चाकांना दर वेळी लाकडी पाचरी लावाव्या लागत. जॅकवर उभ्या गाडीखाली आम्ही एकदाही गेलो नाही. नेहमी स्टँड, आणि स्टँड लावल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं.

वायरिंगबद्दल लोक फार घाबरवतात. लेबलं लावत गेलात तर ते फक्त चिकाटीचं काम आहे. इंधनासाठी सोपी युक्ती आहे. या इंजिनाला इंधनाचा दाब ५८ पीएसआय लागतो आणि शेवरलेच्या कॉर्व्हेट गाडीच्या एका फिल्टरमध्ये दाब तेवढाच ठेवणारा रेग्युलेटर आत बसवलेला असतो. तो टाकीजवळ लावला की पुढे एकच पाइप न्यावा लागतो आणि परतीचा पाइप मागच्या मागे टाकीत जातो. रेडिएटरच्या बाबतीत मात्र हेडमधून निघणारी वाफेची बारीक नळी विसरू नका. ती बंद केली तर हवा हेडमध्येच अडकते.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा इंजिन लगेच पेटलं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा तसंच. ते ट्रकचं चोरीविरोधी कुलूप होतं. कॉम्प्युटर जुन्या ट्रककडून येणारा संकेत शोधत होता. प्रोग्राममधून ते काढून टाकल्यावर इंजिन ६०० आरपीएमवर असं शांत फिरायला लागलं की शेजारी वळूनही बघेना. मी रडले, हे लिहायला मला संकोच नाही.

आनंद वीस मिनिटं टिकला. गार असताना ऑइलचं प्रेशर ठीक होतं. गरम झाल्यावर आरपीएम वाढवले की काटा वर जायच्या ऐवजी थरथरायचा, आणि वरून टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) टिकटिक आवाज सुरू झाला. या इंजिनाला गरम असताना किमान किती प्रेशर हवं ते ठरलेलं आहे: १००० आरपीएमला ६ पीएसआय, २०००ला १८, ४०००ला २४. माझा काटा २०००ला १४वर हेलकावे खात होता. मी ताबडतोब चावी बंद केली.

ऑइल ओढणारा पाइप पंपात जिथे शिरतो तिथे एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असते, बांगडीच्या आकाराची नव्हे, अंगठीच्या. पाइप एकाच बोल्टने आवळला जातो, त्यामुळे बोल्टच्या विरुद्ध बाजूने तो किंचित तिरका बसू शकतो. रिंग चिमटली की पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. हे मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी उजेड जात होता, ओ-रिंगला ऑइल न लावता मी पाइप ढकलला, एकदा अडकल्यासारखं वाटलं आणि मी जोर लावला. ते "अडकल्यासारखं" मला अजून हातात आठवतं.

चेंबर पुन्हा काढायचं म्हणजे इंजिन वरून आडव्या दांड्याला टांगायचं, क्रॉसमेंबर खाली घ्यायचा, स्टीअरिंग सोडायचं. तीन दिवस लागले. पाइप बाहेर आला तेव्हा रिंगवर एका बाजूला नखाने कुरतडल्यासारखी चंद्रकोर तुटली होती. तो तुकडा जाळीत सापडला. बाबांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. मग दोन वेगवेगळ्या जाडीच्या नव्या रिंगा पाइपवर चढवून पाहिल्या, सैल वाटली ती बाजूला ठेवली, आणि म्हणाले, "आता सकाळी बसवू. उजेडात."

सकाळी रिंगला ऑइल लावलं, पाइप दोन्ही हातांनी सरळ धरला. तो एका मऊ "टक"सकट आत गेला. बोल्ट टॉर्क रेंचने १२ न्यूटन-मीटर. चेंबर लावण्याआधी ब्लॉकच्या मागच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून ब्लॉक आणि चेंबर एका पातळीत आणले, कारण गिअरबॉक्सही त्याच चेंबरला बोल्टने जोडला जातो. मग स्पार्क प्लग काढून, प्रेशर दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरने फिरवलं.

त्यानंतरच्या बारीक कामांनी मला सगळ्यात जास्त समाधान दिलं. २४०च्या स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्समध्ये नसून मागच्या डिफरन्शियलच्या झाकणात आहे. त्यामुळे पुढे काय बदललं याचा त्याला पत्ताच नाही, वेग पूर्वीसारखा बरोबर दाखवतो. तापमानाचा मूळचा सेन्सर अडॅप्टर लावून उजव्या हेडच्या मागच्या भोकात बसवला, मूळचा काटा चालतो. माझ्या गाडीत आरपीएम मीटरच्या जागी काट्यांचं मोठं घड्याळ आहे. ते तसंच ठेवलं. ऑइल प्रेशरचा मीटर तेवढा ग्लोव्हबॉक्सच्या आत आहे. दोन्ही एक्झॉस्ट एकत्र आणून दोन मोठ्या सायलेन्सरमधून एकाच पाइपने जुन्याच जागी बाहेर काढले.

ब्रेकचा प्रश्न येतो. चारही चाकांना डिस्क मूळच्याच आहेत आणि पुढे चार पिस्टनचे कॅलिपर. ते पूर्ण उघडून नवे सील टाकले, होस बदलले. मागचा डाना ३० ॲक्सल जुन्या इंजिनाबरोबरचाच आहे, म्हणून थांबलेल्या गाडीतून मी पॅडल कधी तळाला नेत नाही.

ताशी ९०च्या वेगापुढे गाडीच्या तळातून एक बारीक थरथर येत होती. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नव्हते. बाबांनी कोनमापकाने मोजून गिअरबॉक्सच्या माउंटखाली ३ मिलिमीटरचा तुकडा सरकवायला सांगितला. थरथर गेली.

मागच्या रविवारी ते पहिल्यांदा लांबवर शेजारी बसून आले. मोकळा रस्ता लागल्यावर मी विचारलं, "बाबा, दाबू का?" त्यांनी आधी ग्लोव्हबॉक्स उघडला. गाडी दुसऱ्या गिअरला उतरली, सीटने पाठ धरली, घड्याळाचा मिनिटकाटा होता तिथेच होता. ते पूर्ण वेळ आतल्या मीटरकडे बघत होते. "चाळीस," म्हणाले. मग ग्लोव्हबॉक्स बंद केला आणि खिडकीची काच खाली केली.