आमची वाटचाल: तपकिरी कागद, चिठ्ठ्या आणि फासे

लीन बांधकामाचा, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करून बांधण्याच्या पद्धतीचा, पहिला वर्ग घेतला तेव्हा आम्ही दोघेच होतो, मी आणि माझा भागीदार. सामान म्हणजे तपकिरी कागदाचा रोल, रंगीत चिकट चिठ्ठ्या आणि फासे. फाशांवर आकडे आम्हीच मार्करने घातलेले. काहींच्या सगळ्या बाजूंना 5, काहींच्या तीन बाजूंना 1 आणि तीन बाजूंना 9. सरासरी दोन्हींची पाचच. सात जण सात ठेकेदार होऊन ओळीने बसतात आणि फाशावर पडेल त्या आकड्याइतकी, अशी 35 बटणे पुढे सरकवतात. एक फेरी म्हणजे एक आठवडा. सगळ्यांकडे पाचाचा फासा असला की काम 13 आठवड्यांत संपते. एक-नऊचे फासे वाटले की कुणी हात बांधून बसतो, तर कुणापुढे ढीग साचतो. सेंट्रिंगवाल्याला हे भाषणाने पटत नाही.

वर्गात शिकवतो ती लास्ट प्लॅनर पद्धत, म्हणजे ज्याचे काम त्यानेच आठवड्याची कामे कबूल करायची, ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांची. कामे चिठ्ठ्यांवर लिहून तपकिरी कागदावर लावायची. आम्ही ती मुकादमाच्या बोलीत आणली, एवढेच आमचे.

भागीदार गेला तो आमच्या स्लाइड घेऊन. त्याचा एका दिवसाचा कोर्स, संध्याकाळी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो! आमचा वर्ग सहा आठवड्यांचा, तोही साइटवर. आठ महिने एकही काम आले नाही. प्रोजेक्टर विकला. (त्याची उणीव आजवर भासलेली नाही.)

त्या काळात एकाच बिल्डरने बोलावले. पहिल्या आठवड्यात 20 कामे कबूल झाली, 11 पूर्ण झाली. पीपीसी, म्हणजे कबूल कामांपैकी पूर्ण झालेली, 55 टक्के. साहेब मुकादमावर घसरले. मी उरलेल्या 9 चिठ्ठ्या काढल्या आणि ज्याच्या त्याला मागे कारण लिहायला लावले. पाचांवर एकच ओळ: ‘ड्रॉइंग मिळाले नाही.’ ड्रॉइंग सहीसाठी साहेबांच्याच टेबलावर पडून होते. ते काही बोलले नाहीत, पेन मागितले. तेव्हापासून त्यांची नवी साइट आमच्या कागदाशिवाय सुरू झालेली नाही.

मधली वर्षे बरी गेली.

विचारले नाहीत तरी सांगतो, पीपीसीला बोनस जोडू नका, लोक सोपी कामेच कबूल करतात. आणि चिठ्ठी ज्याचे काम त्याने आपल्या हाताने लिहावी. इंजिनिअरने लिहून दिलेल्या चिठ्ठीला कुणी बांधील नसतो.

मागच्या वर्गाला त्या एकदिवसीय कोर्सचे सर्टिफिकेट फाइलमध्ये घेऊन एक इंजिनिअर आला होता. त्याच्या वाट्याला एक-नऊचा फासा आला. मी मुद्दाम दिला नव्हता, पण बदलूही दिला नाही.