पितृपक्षात जुनं सामान, घटस्थापनेनंतर नवीन : दिवाळीच्या कार्डांचा मधला रिपोर्ट

गणपती गेले तरी पाऊस जायचं नाव घेत नाहीये आणि आमच्या डायनिंग टेबलवर जेवण सोडून बाकी सगळं चालू आहे, तर म्हटलं हाताने बनवायच्या दिवाळी कार्डांचं आत्तापर्यंत काय काय झालं ते एकदा लिहून टाकावं. ठाण्यात नौपाड्यातली आत्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात जागा कमी, म्हणून तिची क्राफ्टची ट्रंक माझ्याकडे पाचपाखाडीला आली. आत्या शाळेत कार्यानुभव शिकवायची, त्यामुळे ट्रंकेत काय असेल ते ओळखा. घोटीव कागदाच्या गुंडाळ्या, पतंगी कागद, जिलेटीन कागद, टिकल्या, काचमणी, जरीच्या किनारी, लाकडी छपाईचे ठसे आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठे. पत्रिका एकही फेकली नाही बाईने.

मी तशी नवीन सामानवाली. डाय कटिंग मशीन (डाय म्हणजे साचा, त्याने कागदाचे आकार कापायचं), हीट गन, पिगमेंट इंक, फोम टेप, सगळा शौक आहे. ट्रंक आली तेव्हा कपाटात कोरा कार्डस्टॉक संपत आला होता, म्हटलं मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटच्या कागदबाजारात चक्कर टाकू, तर आत्याचा फोन, "अगं पितृपक्ष लागलाय, नवीन काय आणतेस, आधी आहे ते वापर की." माझा तसा विश्वास नाही पण पंधरवडाभर खरेदी बंद ही कल्पनाच भारी वाटली, कारण आपलं सगळ्यांचं तेच होतं ना, आणायचं जास्त आणि वापरायचं कमी. तर असा हा पंधरवडा.

आता मुद्द्याचं. जुनं सामान सरसकट चांगलंही नाही आणि सरसकट वायाही नाही. माझा नियम आता पक्का झालाय: जुनं वर, नवीन खाली. म्हणजे बेस आणि गोंद हे दोन नवीनच हवेत, वरची सजावट कितीही जुनी चालेल. कारण साधं आहे, स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं आणि कागद कडक होऊन घडीवर तुटतो. ट्रंकेतली कार्डशीट घडी घातल्याबरोबर पापडासारखी मोडली. अशा कागदाचा बेस केला तर पुढच्या दिवाळीपर्यंत कार्ड दोन तुकड्यांत. जुनी सेलोटेप तर विसराच, चिकटपणा जातो आणि तपकिरी डाग मात्र कायमचा राहतो.

पत्रिकांचं उलट. जुन्या पत्रिकांमध्ये बऱ्याच हातकागदाच्या निघाल्या. हातकागद हा सुती चिंध्यांच्या लगद्याचा, पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 पासून आहे, तिथला कागद ज्यांनी हाताळलाय त्यांना माहितीये मी काय म्हणतेय ते. सुती धागा लांब असतो, त्यात लिग्निन जवळपास नसतं, म्हणून इतक्या वर्षांनीही कागद मऊ आणि पांढरा. मात्र डाय कटिंगला हा कागद त्रास देतो. रेषा तुटक येतात, मध्ये फुलाच्या पाकळ्या किंवा धागे असतील तर तिथे कापतच नाही. उपाय म्हणजे प्लेटखाली एक साधा कागद जास्तीचा घालायचा आणि मशीनमधून पुढे मागे फिरवायचं, तरीही बारीक जाळीची डाय लावू नका, मोठी पानं, वर्तुळं, कोयरी एवढंच. मला तर फाडलेली कडाच जास्त आवडायला लागलीये. ओल्या ब्रशने रेघ मारायची, मिनिटभर थांबायचं आणि हळूच ओढायचं, धागे सुटलेली जी मऊ कड येते ती कुठल्याच मशीनने येत नाही.

सोनेरी गणपती आणि फॉइलच्या बॉर्डर असलेल्या आर्ट पेपरच्या पत्रिका मात्र मशीनमध्ये लोण्यासारख्या कापल्या जातात. नावं तारखा बाजूला काढून फक्त डिझाइन घेते मी. आत्याने एकच अट घातली होती, "कुणाच्या नावावरून कात्री चालवायची नाही." तेव्हा नावांचे भाग वेगळ्या पाकिटात जमा होतायत, त्यांचं काय करायचं ते ती बघेल.

पतंगी कागदाचा शोध या पंधरवड्यातला बेस्ट. ओलं बोट लागलं तरी त्याचा रंग सुटतो, म्हणून एरवी आपण त्याला नावं ठेवतो, पण तोच रंग मुद्दाम सोडवला तर? वॉटरकलर पेपरवर पाणी मारायचं, पतंगी कागदाचे फाडलेले तुकडे लावायचे, वरून अजून पाणी, आणि वाळल्यावर तुकडे उचलून टाकायचे. खाली गुलाबी, केशरी, निळा असा एकमेकांत मिसळलेला वॉश राहतो. परदेशी क्राफ्टवाले यासाठी ब्लीडिंग टिश्यू म्हणून वेगळा कागद विकत घेतात, आपल्याकडे संक्रांतीचा पतंगी कागद आहे. फक्त पिवळा आणि जांभळा शेजारी ठेवू नका, मळकट तपकिरी होतं.

जरीबद्दल. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जरी काळी पडते, प्लॅस्टिकची नाही पडत. काळी पडलेली मी टाकली नाही, गडद मरून कार्डावर ती जुन्या पैठणीसारखी दिसते, उगाच चकाकत नाही. जांभळी नाक्याला लेसच्या दुकानात जी नवीन किनार मिळते ती शेजारी ठेवली तर अगदी भडक वाटते खरं सांगायचं तर.

हीट एम्बॉसिंगवर जरा सविस्तर लिहिते कारण पावसाळ्यात ठाण्यात हे प्रकरण सगळ्यांचंच बिघडतं. पिगमेंट इंक हळू वाळते म्हणून तिच्यावर पावडर चिकटते, आणि हीट गनने ती वितळून उठावदार होते, एवढं माहीतच असेल. पण हवेत दमटपणा असला की कागदच ओलसर असतो आणि पावडर ठशाच्या बाहेरही सगळीकडे बसते. मग सोनेरी ठिपक्यांचा मुरूम आल्यासारखं दिसतं. तर आधी कोऱ्या कागदावर हीट गन फिरवा, थंड होऊ द्या, मग टाल्कम पावडर कापसाने अगदी हलकी पुसा आणि मगच ठसा मारा. गरम करताना खालच्या बाजूने सुरुवात केली की पावडर उडत नाही. आणि टिकल्या, जिलेटीन कागद हे सगळं एम्बॉसिंग झाल्यावर लावायचं, त्या गरम हवेत प्लॅस्टिकच्या टिकल्या वाटीसारख्या वळतात आणि जिलेटीन कागद आक्रसतो.

एम्बॉसिंगला जे ठसे वापरले ते ऐकून हसाल. आत्याचे वह्या तपासायचे रबरी शिक्के! "शाबास", "उत्तम", "अक्षर सुधारा". रबर वरून गुळगुळीत कडक झालं होतं, शाई धरत नव्हतं, बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवला आणि पकडायला लागलं. "शाबास" सोनेरी पावडरमध्ये काय दिसतं म्हणून सांगू! भाच्याला सीएची पहिली परीक्षा पास झाल्याचं कार्ड तेच गेलं. "अक्षर सुधारा" नवऱ्याच्या वाढदिवसाला राखून ठेवलाय.

लाकडी ठशांना कागदाखाली गादी लागते, टेबलावर थेट मारले तर मधला भाग उठतच नाही. जुनी चादर चार पदरी घालून वर वर्तमानपत्र, आणि रंग पॅडने न लावता स्पंजने. अॅक्रिलिक रंग असेल तर काम संपल्या संपल्या टूथब्रशने धुवा, कोरीव कामात वाळला की निघत नाही.

ट्रंकेत खळीची रेसिपीही होती. मैद्याची खळ आणि त्यात चिमूटभर मोरचूद, किडे लागू नयेत म्हणून, बाइंडिंगवाले घालायचे तसं. मोरचूद विषारी आहे आणि घरात छोटं पोर आहे म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. फेविकॉलच वापरते, पण जुन्या व्हिजिटिंग कार्डाने पातळ पसरवून, आणि मोठ्या तुकड्याला डबल साइड टेप. गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो आणि या हवेत तो लवकर वाळत पण नाही, रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवावं लागतं.

आता वजनाचा हिशोब, कारण मागे पोस्टात काउंटरवर जास्तीची तिकिटं लावायला लागली होती. 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम) एक ए4 कागद म्हणजे जवळपास 19 ग्रॅम. साध्या पत्राची पहिली पायरी 20 ग्रॅमची, म्हणजे अख्खा ए4 दुमडून कार्ड केलं की पाकीट घालताच पुढच्या पायरीवर. तोच ए4 अर्धा करून कार्ड केलं तर बेस साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, उरलेल्यात पत्रिकेचा तुकडा, जरी, पाकीट सगळं बसतं. शिवाय काचमणी लावलेलं कार्ड साध्या पाकिटात टाकू नका, शिक्का मारताना ठेचलं जातं, ते हातोहात द्यायचं.

घटस्थापना झाली की खरेदी उघडेल. यादी छोटी ठेवलीये: 250 जीएसएमचा ऑफ व्हाइट कार्डस्टॉक, फोम टेप, आणि टोनरवर (लेझर प्रिंटरच्या पावडर शाईवर) चिकटणारं सोनेरी फॉइल. लेझर प्रिंटवर हे फॉइल ठेवून लॅमिनेटरमधून काढलं की फक्त छापलेल्या अक्षरांवर सोनं चढतं, इंकजेटवर नाही चढत, टोनरच लागतो. घरी लॅमिनेटर नाही पण गोखले रोडच्या झेरॉक्सवाल्या काकांनी करून देतो म्हटलंय, फक्त दुपारी ये, संध्याकाळी गर्दी असते. "शुभ दीपावली" तसं करायचं आणि भोवती पत्रिकांच्या बॉर्डर. उघडल्यावर उभा राहणारा आकाशकंदील पण डोक्यात आहे, पतंगी कागदाच्या शेपट्यांसकट, त्याचं मापन अजून कच्चं आहे, जमलं तर पुढच्या वेळी फोटोसकट टाकते.