कूलरच्या ताट्या आणि अडतीस होकार

होळी झाली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. बाजूंना लावायच्या गवताच्या ताट्या बदला, पंप तपासा, गंजलेल्या टाकीला आतून रंग मारा. आणि नेमका त्याच पंधरवड्यात मिस्त्री फोन उचलत नाही. हे लहानपणापासून पाहत आलो, त्यामुळे ऑनलाइन कूलर सर्व्हिसिंग चालणारच असं मी धरूनच टाकलं होतं. वेबसाइटचं कोटेशनसुद्धा आणलं. बायको म्हणाली, "आधी लोकांना विचारून तर पाहा."

गूगल फॉर्म बनवून नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अशी सेवा निघाली तर वापराल का? ४१ उत्तरं, त्यात ३८ होकार. दोन दिवस मी हवेत होतो. मग त्याच ३८ जणांना निरोप धाडला, की ५० रुपये भरून मार्चची तारीख धरून ठेवा, काम झालं नाही तर पैसे परत. चौघांनी भरले. त्यातला एक माझा साळा.

चूक लोकांची नव्हती, प्रश्नाची होती. आपल्याकडे तोंडावर कोण नाही म्हणतं? तेव्हा 'वापराल का' सोडलं आणि प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, महाल असं फिरून मागच्या उन्हाळ्याचं विचारायला लागलो. कूलर कोणी उतरवला? मिस्त्रीला किती फोन केले? किती दिवस थांबलात, किती दिले? महालातल्या एका काकूंनी सरळच सांगितलं, "आमचा माणूस ठरलेला आहे जी. वीस वर्षांपासून येऊन राहिला. त्याले सोडून मोबाइलवर कोणाले बोलावू?" अशा घरांत मला जागाच नव्हती.

प्रतापनगरात मात्र वेगळंच कळलं. कितीतरी घरांत फक्त आईवडील, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. तिथून मुलगा रोज विचारतो, "कूलर लागला का?" आणि वडील म्हणतात, "लागेल." मी चार-पाच मुलांशी फोनवर बोललो. त्यांना भाव स्वस्त नको होता. ठरलेली तारीख, ओळखपत्र असलेला माणूस आणि काम झाल्यावर चालू कूलरचा फोटो, एवढंच हवं होतं. माझं गिऱ्हाईक नागपुरात नव्हतंच!

घरबसल्याचा अभ्यासही केला, त्यात एकदा फसलो. गूगल ट्रेंड्सवर कूलर दुरुस्तीचा आकडा १०० दिसला आणि तो मी शोधांची संख्या समजलो. तो त्या काळातला सर्वांत उंच बिंदू असतो, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. पण आलेखाचा आकार कामी आला: उन्हाळ्यात सुळका, पावसाळ्यात सपाट. म्हणजे दुकान तीन महिन्यांचं, खर्च बारा महिन्यांचा.

त्यावरचा उपाय मिस्त्रीकडूनच मिळाला. सक्करदऱ्याच्या एका दादांसोबत चहा घेताना मी कमिशनचं गणित मांडत होतो. ते हसले. "एप्रिलमध्ये तुमचं काम काऊन घेऊ जी? तवा जेवाले टाइम नसते. जुलैत द्या, तवा रिकामाच बसून राहतो." जुलैत काय काम? तर कूलर काढणं, टाकी कोरडी करणं, क्षार खरवडणं, झाकून माळ्यावर चढवणं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात टाकी रिकामी करायची असतेच. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही आणि मुलांना दुरून सुचत नाही.

दादांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी कुठल्याच फॉर्ममध्ये आली नसती. लाकडी गवताच्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात, पण त्यांच्या जागी बसणारा, मधाच्या पोळ्यासारखा हनीकोंब पॅड दोन-तीन उन्हाळे सहज काढतो. माझा सगळा नफा मी दरवर्षीच्या ताट्यांवर मांडला होता. वही बंद केली आणि वर्षातून दोन फेऱ्यांचं एकच पॅकेज ठरवलं, मार्चमध्ये लावणं, जुलैत काढणं.

वेबसाइट अजून नाही. व्हॉट्सॲप बिझनेस, यूपीआय आणि एका वहीवर पहिला उन्हाळा काढला. बुकिंग फेब्रुवारीत उघडलं, सर्वांत जास्त पुण्याहून आलं. साळ्याची तारीख मात्र वहीत चढवायचीच राहिली. त्याचे ५० रुपये परत केले. तो ते दर दिवाळीला सांगतो.