मांडवीच्या पाण्यात आवाज कुठे जातो, उजेड कुठे जातो

भर दुपारचं ऊन समुद्रावर सरळ पडतं तेव्हा त्यातला जवळजवळ ९८ टक्के प्रकाश पाण्यात शिरतो, दोनच टक्के माघारी फिरतो. होडीवरून मारलेल्या हाकेचं उलट आहे. त्या आवाजातला हजारातला जेमतेम एक हिस्सा पाण्यात उतरतो, बाकीचा वरच परततो. पण एकदा आत शिरल्यावर प्रकाश काही मीटरांत, फार तर शंभर-दोनशे मीटरांत संपतो, आणि आवाज मात्र किलोमीटरच्या किलोमीटर जातो.

पृष्ठभागावर काय होतं आणि पाण्याच्या पोटात काय होतं, हे दोन निराळे हिशेब आहेत. फिश फाइंडर (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासा आणि तळ दाखवणारं मशीन) का आंधळा होतो, गोव्याची मांडवी नदी पावसाळ्यात लाल का दिसते, एलईडीच्या मासेमारीला, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासा गोळा करून पकडण्याला, इतका विरोध का होतो, या सगळ्यांची उत्तरं या दोन हिशेबांत सापडतात. ते वेगवेगळे मांडले नाहीत तर घोटाळा होतो, आणि तो अनेकदा होताना दिसतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मुळाचं. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, ताणलेला दोर एका टोकाला झटकला की हिसका दुसऱ्या टोकाच्या हाताला जाणवतो, पण दोर जागचा हलून पुन्हा जागेवर येतो. ध्वनिलहरीत पाण्याचे कण असेच आपल्या जागी मागेपुढे हलतात. पुढे जाते ती ऊर्जा. प्रकाशाला तर हलायला कणही लागत नाहीत. त्याची विद्युत-चुंबकीय लहर पदार्थातून जाताना तिथल्या इलेक्ट्रॉनांना आणि रेणूंना हलवते, आणि रेणूंनी ती ऊर्जा स्वतःकडे ठेवून घेतली की तिची उष्णता होते. दोन्ही लहरींचा शेवट हाच, उष्णता. फरक आहे तो किती अंतरावर, आणि किती ऊर्जेची.

निरभ्र दुपारी चौरस मीटरला सुमारे १,००० वॉट ऊन मिळतं. साधं बोलणं, म्हणजे ६० डेसिबल, चौरस मीटरला एका वॉटचा दहा लाखावा भाग. दोन्हींत शंभर कोटी पटींचा फरक. ते सगळं ऊन एक मीटर पाण्यात जिरलं आणि वाफेवाटे काही गेलं नाही असं धरलं, तर पाणी एक अंश तापायला सत्तर मिनिटांच्या आसपास लागतात. आवाजाने समुद्र कधी तापत नाही. आवाजाची थोडीशी ऊर्जा आपण वापरतो ती बातमी आणायला.

आता पृष्ठभाग. ध्वनीच्या बाबतीत माध्यमाची घनता आणि त्यातला आवाजाचा वेग यांचा गुणाकार महत्त्वाचा. त्याला इम्पीडन्स म्हणतात. ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो आणि गुणाकार ४०० च्या जरा वर येतो. आपल्या समुद्रात २८ अंशांना वेग सुमारे १,५४० मीटर, घनता घनमीटरला १,०२५ किलो, गुणाकार पंधरा लाखांच्या वर. जवळजवळ ३,९०० पटींची तफावत. तफावत जितकी मोठी तितकी लहर परतते, आणि इतक्या तफावतीत ०.१ टक्काच पार जातो. प्रकाशासाठी हवा आणि पाणी यांच्यातला फरक फक्त १.३४ या अपवर्तनांकाएवढा, म्हणून त्याला आत शिरायला अडचण नाही. मात्र प्रकाश तिरपा आला की गणित बिघडतं. लंबाशी ६० अंशांच्या कोनात आला तर सहा टक्के परततो, ८० अंशांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

हाच ०.१ टक्का फिश फाइंडरच्या बऱ्याच बिघाडांच्या मुळाशी असतो. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परतलेला आवाज टिपणारा भाग) आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा पातळसा पापुद्रा आला तरी आवाज तिथेच अडतो, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा अडतो. रिव्हर्स टाकला की स्क्रीन कोरी होते, कारण पंख्याने घुसळलेले बुडबुडे ट्रान्सड्यूसरखाली येतात. नवा ट्रान्सड्यूसर पहिल्याच दिवशी काही दाखवत नसेल तर मशीन उघडण्याआधी त्याचं तोंड साबणाच्या पाण्याने धुवावं. हाताचं तेल आणि त्यावर चिकटलेली हवा निघाली की बऱ्याचदा काम होतं. शेवाळ आणि बारनॅकल लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत, धातूने नको. तळाला लावायचा रंग तोंडावर जाड थराने कधीच लावू नये, आणि प्लास्टिकच्या ट्रान्सड्यूसरला सॉल्व्हंटचा रंग तर अजिबात नको, तो प्लास्टिक खातो. होडी दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेली असताना मोठ्या ताकदीचं मशीन चालू ठेवणंही वाईट. हवेत ऊर्जेला बाहेर पडायला वाट नसते, ती आतल्या सिरॅमिकमध्येच राहते आणि ते तापतं.

फायबरच्या होडीत तळाला भोक न पाडता आतून ट्रान्सड्यूसर बसवता येतो, फक्त त्या जागी फायबर सलग असला पाहिजे. मध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड असेल तर त्यातली हवा आवाज अडवते. लाकडी होडीत याच कारणाने हा प्रकार जमत नाही. जागा ठरवण्याची सोपी चाचणी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी घ्या, त्यात ट्रान्सड्यूसर ठेवा, तळ आतून ओला करून पिशवी त्यावर दाबा. त्याच ठिकाणी ट्रान्सड्यूसर होडीच्या बाजूने पाण्यात धरूनही रीडिंग घ्या. दोन्हीकडे तळाची रेघ सारखी ठळक असेल तर जागा चांगली. मग आतला रंग घासून काढा, तेलकटपणा पुसा, उशिरा घट्ट होणारं इपॉक्सी हळूहळू ढवळा म्हणजे बुडबुडे अडकणार नाहीत, आणि ट्रान्सड्यूसर थोडा फिरवत फिरवत दाबा. घाई केली तर हमखास बुडबुडे राहतात, आणि इपॉक्सी वाळल्यावर ते काढता येत नाहीत.

हवेचा हा अडथळा उपयोगीही पडतो. तारलीच्या पोटातली हवेची पिशवी आवाज जोरात परतवते, म्हणून तिचा थवा स्क्रीनवर ठळक उमटतो. मोरीला (शार्क) अशी पिशवी नसते, माणक्यालाही (स्क्विड) नसते, त्यामुळे ते अंगाच्या मानाने फारच फिके दिसतात. खालून वर येणारा प्रतिध्वनीही पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ पूर्ण परततो, पुन्हा तळाला जातो आणि पुन्हा वर येतो. सहा मीटर खोलीत बारा मीटरवर दुसरी रेघ दिसते ती हीच. तळ खडकाचा किंवा घट्ट वाळूचा असेल तर दुसरी रेघ ठळक येते, मऊ गाळ असेल तर पुसट किंवा येतच नाही. माझ्या मते या मशीनमधली ही सगळ्यात दुर्लक्षित माहिती आहे.

पाण्याच्या पोटात आवाजाची ऊर्जा खातं ते मुख्यतः मीठ, पण आपल्या जेवणातलं नव्हे. समुद्रात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट. लहरीच्या दाबाखाली त्याच्या आयनांची जोडणी बदलते, दाब सुटला की पूर्ववत होते, पण जरा उशिरा, आणि या उशिरात ऊर्जेची उष्णता होते. आपल्या कोमट समुद्रात १० किलोहर्ट्झच्या आवाजाचं किलोमीटरमागे ०.६ डेसिबलच्या आसपास नुकसान होतं, ५० किलोहर्ट्झचं सुमारे १० आणि २०० किलोहर्ट्झचं सुमारे ९०. शंभर मीटर खोलीत जाऊन येऊन दोनशे मीटर प्रवास होतो. तेवढ्यात २०० किलोहर्ट्झ शोषणातच १८ डेसिबल गमावतो, म्हणजे साठात एक हिस्सा उरतो. ५० किलोहर्ट्झचं नुकसान दोनच डेसिबल. वीस-पंचवीस मीटरपर्यंत २०० बिनधास्त वापरा. त्याची लहर पावणेआठ मिलिमीटरची, बारीक मासाही वेगळा दाखवते. १२ अंशांचा झोत वीस मीटरवर सव्वाचार मीटरचं वर्तुळ पाहतो. ५० चा झोत ४५ अंशांचा असेल तर तेच वर्तुळ साडेसोळा मीटरचं होतं. मासा त्या वर्तुळात कुठेही असू शकतो.

गाळाच्या तळावर दोन वारंवारता दोन खोल्या दाखवतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. २०० किलोहर्ट्झ वरच्या पातळ, पेजेसारख्या गाळावरूनच परततो. ३३ किंवा ५० किलोहर्ट्झ त्यातून आत शिरतो आणि खालचा घट्ट थर दाखवतो. मुरगावसारख्या, खोदलेल्या मार्गात गाळ बसत राहणाऱ्या बंदरांच्या मोजणीत दोन्ही एकदम वापरतात ते यासाठी. एकाच आकड्यावर विसंबलात तर पंखा गाळात जातो, नाहीतर असलेली खोली वाया जाते.

वेगाची सेटिंगही बघा. पुष्कळ मशीन १,५०० मीटर धरून येतात. पावसाळ्यात मांडवीच्या गोड्या पाण्याला ते जवळजवळ बरोबर. एप्रिलमध्ये ३० अंशांच्या खाऱ्या समुद्रात खरा वेग १,५४५ च्या आसपास, म्हणून वीस मीटरचा तळ अर्धा मीटरहून जरा जास्त वर दिसतो. शिवाय मशीन खोली मोजतं ती ट्रान्सड्यूसरपासून, पाण्याच्या पातळीपासून नव्हे. तो फरक एकदा मोजून सेटिंगमध्ये घाला.

प्रकाशाचं शोषण रंगावर ठरतं. शुद्ध पाण्यात तांबडा प्रकाश पाच मीटरवर अठरा टक्के उरतो, दहा मीटरवर तीन टक्के. निळा दहा मीटरवरही नव्वद टक्के शिल्लक असतो. ग्रँड आयलंडला बुडी मारणाऱ्याची लाल बॅग खाली काळपट दिसते ती यामुळे. किनाऱ्याजवळ सूक्ष्म वनस्पती आणि कुजक्या पाल्याची पिवळट द्रव्यं निळाही खातात, मग उरतो हिरवा.

गाळ वेगळं काम करतो. तो प्रकाश विखुरतो, म्हणजे दिशा बदलतो, ऊर्जा लगेच खात नाही. आपल्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांतून पलीकडचं काही दिसत नाही, तरी खोलीत उजेड भरपूर येतो, हे विखुरणंच. पाण्यात मात्र विखुरलेल्या प्रकाशाची वाट लांबते, आणि लांबलेल्या वाटेवर शोषण होत राहतं. जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडं असतात, ती निळा-हिरवा शोषून तांबडं परत पाठवतात. पावसाळ्यातली मांडवी तशी दिसते.

हे मोजायला महाग यंत्र नको. १८६५ साली अँजेलो सेक्की यांनी वापरलेली तबकडी आजही पुरते. तीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी, मध्ये भोक, खाली वजन, न ताणणाऱ्या दोरीवर दर पाव मीटरला खूण. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न घालता सोडा. दिसेनाशी होते ती खोली टिपा, वर ओढताना पुन्हा दिसते ती टिपा, सरासरी घ्या. दोरी प्रवाहाने तिरपी झाली तर रीडिंग टाकून द्या, वजन वाढवा. नदीत भरती-ओहोटीची वेळ सोबत लिहाच, नाहीतर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. १.७ ला या खोलीने भागलं की प्रकाश मीटरमागे किती वेगाने घटतो त्याचा ढोबळ गुणांक मिळतो. सोयीची गोष्ट अशी, की पाणी कसंही असो, तबकडीच्या खोलीच्या दुप्पट खोलीवर साधारण तीन टक्के प्रकाश उरतो. अर्ध्या मीटरला तबकडी नाहीशी होत असेल तर एका मीटरवर तीन टक्के. वीस मीटरला नाहीशी होत असेल तर चाळीसवर तीन.

एलईडीच्या मासेमारीकडे या आकड्यांनी पाहावं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (बारा सागरी मैलांपलीकडे, दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि ती कडकपणे राबवली जावी असं मला मनापासून वाटतं. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशाचा एक ठळक भाग ४५० नॅनोमीटर लहरलांबीच्या निळ्यात असतो, नेमका स्वच्छ पाण्यात सगळ्यात दूर जाणारा. दूरच्या नितळ समुद्रात तो चाळीस-पन्नास मीटरपर्यंत पोचतो, आणि तिथला लहान-मोठा, अंडी धरलेला, सगळा मासा एका जाळ्याखाली गोळा होतो. रापणकाराच्या वाट्याला येणारी तारली त्यातच जाते. होडीवरच्या दिव्याचा दूरवर तिरपा पडणारा उजेड तरी बराचसा पृष्ठभागावरून परततो. पाण्यात सोडलेल्या दिव्याला पृष्ठभागच ओलांडायचा नसतो, त्याचा सगळा उजेड थेट पाण्यात जातो.