मण्यारीचा एक मार्क

एफएमजीई म्हणजे परदेशात डॉक्टरी शिकून आलेल्यांना भारतात द्यावी लागणारी परीक्षा. तिच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात कुणी नवं शिकत नाही. बिश्केक, तिबिलिसी, मनिला कुठूनकुठून डॉक्टर होऊन आलेली मुलं पुण्यातल्या एका हॉलमध्ये बसून एकोणीस विषयांची उजळणी करतात. ३०० प्रश्न, ३०० मिनिटं, पास व्हायला १५०. विषयवार अट नाही, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे मुलं विषयांचा सरळ सौदा करतात. अ‍ॅनाटॉमी १७ मार्कांची, माझी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, १३ ची. "सर, ऑटोनॉमिकचा चॅप्टर सोडला तर चालेल का?" हे मला दर बॅचला कुणीतरी विचारतंच, आणि दर वेळी तितकाच राग येतो.

त्या दुपारी वन-लायनर, म्हणजे एका ओळीत पाठ करायची उत्तरं, चालू होते. हा प्रकार मला मुळात आवडत नाही. कुणीतरी कुणाच्या तरी नोट्स आखडून पीडीएफ करतं आणि तीच वेदवाक्य म्हणून फिरते. पडद्यावर अंग लुळं पाडणाऱ्या विषाची ओळ आली: 'न्यूरोटॉक्सिक सर्पदंश – अँटीवेनम, नंतर निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन.' वर्गाने एका सुरात म्हटली.

कोकणातली एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, उभी राहिली. "सर, नाग की मण्यार?"

मागून एकजण म्हणाला, "अगं, चार पर्यायांत बसतंय ना, मग झालं!"

मी खडू उचलला. ज्यासाठी मी अजून शिकवतो तो हाच भाग. नागाचं विष स्नायूवर चेतातंतूचा निरोप घेणाऱ्या निकोटिनिक रिसेप्टरला जाऊन चिकटतं. चेतातंतू अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे निरोप नेणारं रसायन, सोडत असतो, पण ते लागू पडत नाही. निओस्टिग्मिनने त्याचं विघटन थांबवलं की ते साचतं, विषाशी जागेसाठी झगडतं, आणि पडलेल्या पापण्या डोळ्यांदेखत वर येतात. अ‍ॅट्रोपिन आधी, नाहीतर लाळ सुटते आणि नाडी मंदावते. मण्यारीच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन मात्र चेतातंतूचं टोकच निकामी करतं. अ‍ॅसिटिलकोलीन सुटतच नाही, मग साचवणार काय? एकदा टोक गेलं की अँटीवेनमही ते परत आणत नाही. ते नव्याने तयार होईपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, माणसाला व्हेंटिलेटरवर धरून ठेवायचं. अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही, हातपाय हलत नाहीत. नवखा डॉक्टर त्याला मेंदूमृत समजू शकतो, आणि आतला माणूस कदाचित सगळं ऐकत असतो.

वर्ग शांत झाला होता. सगळ्यात जास्त मार्कांचा विषय ऐकतात तसे ऐकत होते.

ती म्हणाली, "आमच्याकडे पावसाळ्यात आजी कुणाला जमिनीवर झोपू द्यायची नाही. मण्यार चावली तर कळतही नाही म्हणायची, पहाटे पोटात दुखतं."

आजीचं बरोबर होतं. दंश बहुतेक वेळा दुखत नाही, खूण सापडेलच असं नाही. बिश्केकच्या वॉर्डात मण्यार कुठून येणार? पाच-सहा वर्षं शिकून आलेल्या या पोरांना लोक येताजाता "पैसे टाकून डॉक्टर" म्हणतात. ज्यांना उद्या आपल्याच तालुक्याच्या कॅज्युअल्टीत बसायचंय त्यांना हे कुणी दाखवलंय का, ते विचारत नाहीत.

मग तिने विचारलं, "पेपरात सापाचं नाव दिलं नसेल तर काय लिहू?"

एका प्रश्नाला एक मिनिट. मी म्हटलं, "निओस्टिग्मिनवर टिक कर आणि पुढे जा."

सल्ला चूक नव्हता. साप ओळखता आला नाही तर प्रत्यक्षातही निओस्टिग्मिनचा एक डोस देऊन पाहतात, पापण्या उचलल्या तर चालू ठेवतात, नाही तर थांबतात. तरी तिने मान डोलावून वहीत ती ओळ जशीच्या तशी उतरवली, ते मला खटकलं आणि अजून खटकतंय. प्रश्न पडणारी एकच होती, तिलाही मी मार्काच्या रांगेत उभं केलं.

नोट्स काढणाऱ्याला मी ओळ बदलायला सांगितलं. तो म्हणाला, "सर, लांब होईल. पेपरला तेवढंच येतं."

आता उजळणीच्या तासाला मी सापाचा उल्लेखच करत नाही. सांगतो, रात्री जमिनीवर झोपलेला शेतमजूर, पहाटे पोटात कळ, उलटी, पापण्या जड, अंगावर कसलीही खूण नाही. निम्मा वर्ग अपेंडिक्स म्हणतो.